मरोळची सुकट

माझा डबा ओव्हनमध्ये फिरत होता. चाळीस सेकंद उरले होते. अनघा मॅडम पँट्रीत आल्या, नाकाला टिश्यू लावला आणि बटण दाबून ओव्हन बंद केला. मग दुसरा टिश्यू काढून त्यांनी माझ्या डब्याची कड दोन बोटांत धरली. मला वाटलं, माझ्या हातात देतील. नाही दिला. कोपराने दार ढकलून त्या बाहेर गेल्या आणि जिन्यात, पोछ्याच्या बादलीशेजारी, डबा जमिनीवर ठेवून आल्या.

“हे इथे नाही हं,” त्या म्हणाल्या. “हे घरी.”

डब्यात सुकट होती. वाळवलेली बारीक कोळंबी. आई ती तव्यावर कोरडी भाजते, लसूण आणि लाल मिरची घालून खलबत्त्यात जाडसर कुटते, वरून कच्चा कांदा. सोबत भाकरी. आमच्या घरात हा सणाचा पदार्थ नाही, रोजचा आहे. मराठवाड्यातून आजी-आजोबा घाटकोपरच्या डोंगरावर राहायला आले तेव्हापासूनचा.

अंधेरीच्या ऑफिसात मला लागून तीन महिने झाले होते. मेडिकल क्लेमच्या फायली तपासायचं काम. नऊ जणांची टीम, अनघा मॅडम टीम लीड. त्या दिवशी पँट्रीत पाच-सहा जण होते.  पराग, जो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, त्याने पँट्रीभर गुलाबाचा स्प्रे मारला. सुकट आणि गुलाब मिळून जो वास तयार झाला तो खरोखर भयंकर होता, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हनवर कागद चिकटला होता. तीव्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत. नाव कोणाचं नव्हतं. गरजच नव्हती.

मॅडम शाकाहारी असत्या तर मी समजून घेतलं असतं, असं मी स्वतःला सांगायचे. पण मॅडम मासे खातात. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी. त्यांच्या तळलेल्या सुरमईचा वास पँट्रीत दुपारभर असतो आणि लोक त्याला ‘काय मस्त वास सुटलाय’ म्हणतात. “आम्ही बाई ताजंच खातो,” हे त्या महिन्यातून एकदा तरी ऐकवतात, जणू समुद्र त्यांच्या आजोबांनी खणलाय. म्हणजे अडचण माशाची नव्हती. सुकट कोणाच्या घरात शिजते हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. ते पुरलं नाही म्हणून मूळ गाव विचारलं. मग “अच्छा” म्हणाल्या.

त्या दुपारी मी जिन्यात गेले. कमलमावशी तिथेच जेवायला बसली होती. आमच्या मजल्याची साफसफाई करते. ती सरकली, फरशी पुसली आणि म्हणाली, “बस इथं. वारं चांगलं येतंय.”

मी बसले नाही. हे मला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी डबा उचलून पिशवीत कोंबला आणि उपाशी जाग्यावर गेले, कारण मला कमलमावशीच्या शेजारी बसलेलं कोणी बघायला नको होतं. मॅडमनी मला जिना दाखवला होता. मावशीला कमी लेखायचं मात्र मी माझ्या मनाने शिकले.

घरी जाऊन आईवर ओरडले. “असलं काही देऊ नकोस मला. लोक कामवाल्या बाईकडे बघावं तसं बघतात.”

माझी आई वीस वर्षं लोकांकडे धुणंभांडी करत होती. त्यावर माझी बारावी झाली, बी.कॉम. झालं. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबला नाही.

“बरं,” ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतर दोन वर्षं मी जिरा राईस नेला. कधी सँडविच. आईने घरात सुकट करणंही कमी केलं, कारण कपड्यांना वास लागतो म्हणून मी कुरकुर करायचे. मी कामावर गेले की ती एकटी करून खायची आणि दार-खिडकी उघडी ठेवायची. मला हे शेजारणीकडून कळलं. स्वतःच्या घरात माझी आई चोरून जेवत होती. अनघा मॅडमना आमच्या घरापर्यंत यावंसुद्धा लागलं नाही. त्यांचं काम मी करत होते.

यंदा तिमाहीचं काम वेळेत संपलं म्हणून कंपनीने टीम लंच दिलं. जागा मॅडमनी ठरवली. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर एक थाई हॉटेल आहे, तिथलं सेट लंच. सूप, सॅलड, करी, भात, शेवटी गोड. वाटेत पराग मला म्हणाला, “तुला झेपेल ना गं? हे आपलं गाडीवरचं चायनीज नाही. शेजवान चटणी मागू नकोस हां तिथे.” सगळे हसले. मीही हसले. दोन वर्षांत तेही शिकले होते.

दारात बुद्धाचं डोकं होतं. नुसतं डोकं. खाली पाण्यात पाकळ्या. मॅडमनी त्याच्यासोबत सेल्फी काढला आणि म्हणाल्या, “किती पीसफुल वाटतं ना.” आमच्या घरी पत्र्याच्या भिंतीवर बुद्ध आहे, अख्खा. त्याच्यासमोर वाढलेल्या पोरीची सुकट यांना वीतभर अंतरावर चालत नाही, आणि डोकं मात्र सेल्फीला चालतं.

ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीने विचारलं, कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये ड्राय श्रिंप चालेल का, की साधं देऊ. मॅडमनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू तिने मोठा अपमान केलाय.

“विथ. ऑफ कोर्स. आम्हाला ऑथेंटिक हवं.”

सॅलड टेबलावर यायच्या आधी वास आला. मी मान वर केली. माझ्या नाकाला कोणी सांगायची गरज नव्हती. लसूण, मिरची आणि ती. खलात कुटलेली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी घाबरून मी मॅडमकडे बघितलं. सवयच तशी लागली होती. आता टिश्यू निघणार.

मॅडमनी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

“काय अरोमा आहे,” त्या म्हणाल्या.

“उमामी,” पराग म्हणाला. हा शब्द त्याने बहुतेक त्याच आठवड्यात मिळवला होता, कारण पुढच्या पाच मिनिटांत चार वेळा वापरला.

मी काही बोलत नाही हे बघून मॅडमना माझी दया आली. त्यांनी काट्याने थोडं सॅलड माझ्या ताटलीत वाढलं आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, “हे बघ, ही चव सगळ्यांना लगेच नाही कळत. जिभेला तसं वळण लागतं. घरातूनच यावं लागतं ते. तू ट्राय कर, आवडलं नाही तर ठेव बाजूला.”

घरातूनच यावं लागतं. मला त्या वाक्याने राग आला नाही आधी. किळस आली. या बाईला मी दोन वर्षं घाबरत होते. सुकट पुढ्यात आहे, नाकात आहे, दातांखाली आहे आणि ओळखता येत नाही. पांढऱ्या ताटलीत घालून, इंग्रजी नाव देऊन, कोणी वाकून वाढलं की हिचं नाक बदलतं. असल्या नाकासाठी मी माझ्या आईच्या तोंडचा घास काढला होता.

“मॅडम, ही सुकट आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“सुकट. दोन वर्षांपूर्वी तुम्ही जिन्यात बादलीशेजारी ठेवलीत, ती.”

 पराग ग्लासातल्या पाण्यात काहीतरी शोधू लागला. मॅडम हसल्या, समजूतदारपणे. “अगं, ते वेगळं. हे थाई आहे. यांची प्रोसेसच वेगळी असते. तिकडून इम्पोर्ट करतात.”

मी त्या मुलीला हाक मारली. “दीदी, यह सूखा झींगा थाईलैंड से आता है क्या?”

ती मणिपूरची होती, नंतर बोलणं झालं तेव्हा कळलं. तिला आमचं भांडण माहीत नव्हतं. सरळ म्हणाली, “नहीं दीदी, मरोळ से. वहाँ का सूखा मच्छी मार्केट है ना, वहीं से. एकदम अच्छा आता है.”

माझी आई दरवर्षी पावसाळ्याआधी मरोळलाच जाते. दोन पिशव्या घेऊन. वर्षभराची सुकट, बोंबील तिथून येतात. लहान होते तेव्हा मी सोबत जायचे. वाळलेल्या माशांच्या ढिगांपुढे बसलेल्या कोळणी मला मूठभर सुकट चाखायला द्यायच्या.

“हायजिनिकली क्लीन करत असतील,” मॅडम म्हणाल्या. आवाज जरा खाली गेला होता. “आणि हे बघ, तेव्हा मी सगळ्यांच्या सोयीसाठी केलं. तू पर्सनली घेऊ नकोस. चल, विषय सोड. जेव.”

“जेवतेच आहे,” मी म्हणाले.

मधला सॅलडचा बाऊल मी माझ्यापुढे ओढला. काटा बाजूला ठेवला. हाताने खायला सुरुवात केली.

“अगं, लोक बघतायत,” मॅडम म्हणाल्या.

“बघू देत.”

सगळा बाऊल संपवला. घाई केली नाही. आईच्या हाताची सर नव्हती, साखर जास्त पडली होती. तेही मी सांगितलं त्यांना. त्यांच्या करीला, गोडाला हात लावला नाही. नऊ जणांच्या टेबलावर मी एकटी भूक लागलेल्या माणसासारखी जेवले. बाकीचे चमच्याने भात इकडून तिकडे करत होते.

संध्याकाळी आईला म्हटलं, “उद्या डब्यात सुकट दे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “नको माय. परत काही बोलतील तुला.”

“बोलू दे. तू दे. आणि आजही कर. सगळे मिळून खाऊ.” मग जे दोन वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते बोलले. चुकले म्हणाले.  आई उठून सुकटीची बरणी काढायला गेली. तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मी घालवलाय.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी आधी जिन्यात गेले. कमलमावशीला म्हटलं, “मावशी, चला आत, टेबलावर बसू.” ती घाबरली. “माझं काँट्रॅक्ट हाय बाई, काढून टाकतील. तू खा.” मी उद्या परत विचारणार आहे. परवाही.

मग पँट्रीत आले. ओव्हनवरचा कागद काढला, घडी केली, माझ्या पर्समध्ये ठेवला. डबा आत ठेवून दोन मिनिटं लावली. वास सुटला. मॅडम आल्या. टिश्यू हातात होता. नेहमीसारखा हात बटणाकडे गेला आणि मध्ये माझा हात आला.

“अजून एक मिनिट आहे, मॅडम,” मी म्हणाले. “होऊ द्या.”

त्या उभ्या राहिल्या. मी हात काढला नाही. नोकरी राहील की जाईल, सांगता येत नाही. पण आता माझा डबा ओव्हनमधून फक्त मी काढणार, आणि तो टेबलावरच उघडणार.