काकूंचे प्रश्न

"पाणी किती प्यायलास? मीठ पोटात गेलंय का? काल काय वेगळं केलंस?" कुणी पोटरी धरून बसला की काकूंचे हे प्रश्न ठरलेले. मुलींना आणखी एक, तोही खणखणीत आवाजात, "पाळी कधी आली?"

अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या काकू दर उन्हाळ्यात नागपूरहून इथे अमेरिकेत, ट्रॉयला मुलाकडे यायच्या. गणपतीच्या लेझीमची तालीम सुरू झाली की वर्षभर खुर्चीत बसलेले आयटीवाले पहिल्याच दिवशी पाय धरून कोसळायचे. "एका दिवसात वर्ष भरून काढतोस होय रे?" म्हणत काकू त्यांच्या पायाचा चवडा मागे ओढायच्या. खरं सांगते, मला हा आगाऊपणा वाटायचा.

एका शनिवारी तालमीत माझी पंधरा वर्षांची मुलगी पोट धरून भिंतीला टेकली. पाळी चालू होती. मी गोळी दिली, शेकायची पिशवी दिली आणि म्हटलं, "थोडं सहन कर, तू पहिल्या रांगेत आहेस."

काकू आल्या. "नेहमी असंच दुखतं?"

"नो आजी. आज वन साइडलाच. आणि उलटी होतेय." तिचे ओठ पांढरे पडले होते.

"गाडी काढ," काकू मला म्हणाल्या.

"पाळीचंच आहे हो. उगाच घाबरवू नका तिला."

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "मीही हेच म्हटलं होतं. लेकीला दोन दिवस ओव्याचं पाणी पाजत राहिले. अपेंडिक्स होतं. गेली माझी पोर."

मी पर्स चाचपत राहिले, किल्ली सापडेना. काकूंनीच माझी पर्स जमिनीवर उपडी केली.

अंडाशयावर गाठ होती आणि त्यामुळे अंडाशयालाच पीळ बसला होता. लगेच ऑपरेशन. बाहेर काकू सगळा वेळ उभ्या होत्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "वेळेत आणलंत, अंडाशय वाचलं," डॉक्टर मला म्हणाली. मला मान वर करवेना.

पुढच्या उन्हाळ्याआधीच काकू नागपुरात वारल्या, झोपेतच. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, आजीच्या मुलीचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.