पंप टप्प्यावर उतरवला तेव्हा

माझ्या थोरल्या वहिनीच्या हाताला पाणी लागत नव्हतं, ही आमच्या घराण्याची आवडती थाप आहे. परवा एका साखरपुड्यात पुतण्याने ती पुन्हा सांगितली. ‘काकीनं बटण दाबलं की मोटर नुसती घरघरायची,’ असं म्हणून त्याने मोटरीचा आवाजही काढून दाखवला. जेवणारे हसले. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या बाजूने बोलू शकेल असा एकच माणूस उरलाय, आणि तो त्याच पंगतीत मान खाली घालून बसला होता. म्हणून आता लिहितो. कोणाला राग आला तर येऊ दे.

खडवलीला आमची सामाईक विहीर होती. आम्ही तीन भाऊ. थोरला लवकर गेला. त्याची बायको म्हणजे ही वहिनी. मधला शेती बघायचा. मी धाकटा, डोंबिवलीत राहायचो आणि मानपाड्याच्या एका कारखान्यात पंप खोलण्या-जोडण्याचंच काम करायचो. माझा वाटाही मधलाच कसायचा. वहिनी आपल्या तुकड्यात भेंडी, काकडी लावायची आणि कल्याणच्या बाजारात नेऊन विकायची. त्या तुकड्यावरच तिचं घर चालायचं.

सकाळी मधला पाणी घ्यायचा, त्याच्या आणि माझ्या वाट्याला. दुपारची वेळ वहिनीची. हिवाळाभर सगळं ठीक चालायचं. उन्हाळा लागला की दुपारी पाईपाच्या तोंडातून पाण्याच्या दोन गुळण्या यायच्या आणि मग नुसती हवा. खाली विहिरीत पाणी तर दिसतंय! वहिनी कळशीने पंपात पाणी भरायची, बूच घट्ट करायची, पुन्हा बटण दाबायची. पुन्हा तेच. एकदा पंप कोरडा फिरून त्याचं सील जळलं, तेही तिच्याच नावावर लागलं.

‘पानी हाय, मोटर चालू हाय, पन हिच्या हाताला येत नाय,’ असं मधला गावभर सांगायचा. विधवेचा हात, हे त्याने कधी तोंडाने म्हटलं नाही. त्याला म्हणावं लागलंच नाही, गाव म्हणत होतं.

साफ खोटं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त खालच्या पाईपात पोकळी करतो. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतो, तो पाणी त्या पाईपातून वर ढकलतो. त्या दाबाची ताकद ठरलेली आहे. पाण्यापासून पंप पंचवीसेक फुटांहून उंच राहिला, की मोटर कितीही मोठी असो, पाणी चढत नाही. एकदा पंपात आलं, की पुढे वर ढकलायला मात्र पंप समर्थ असतो. म्हणून उन्हाळ्यात पंप विहिरीत खाली उतरवतात, आणि विहीर भरून तो बुडायच्या आत, पावसाआधी, पुन्हा वर काढतात. आमचा पंप काठावर होता. सकाळी मधला विहीर उपसायचा, पाणी त्या हद्दीखाली जायचं, आणि मग वहिनीची वेळ सुरू व्हायची. तिथे कोणाचाही हात असता तरी हेच झालं असतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

एका रविवारी मी गेलो तेव्हा वहिनी ओल्या पदराने पंपाशी बसली होती.

‘काय वो भावजी, तुमच्या कारखान्यातल्या मोटरीपन बाई बघून रुसतात का?’

मी हसलो. ‘उन्हाळ्यात पाणी खाली जातंच, वहिनी.’

‘ते मला बी दिसतंय. करायचं काय ते सांगा ना!’

तिला सांगितलं नाही. संध्याकाळी मधल्याला म्हणालो, ‘पंप आतल्या खडकाच्या टप्प्यावर उतरवू या.’

‘आनि पावसाआधी वर कोन काढनार? तू? शहरात बसून शिकवू नको. तांदूळ, भाजी घरपोच मिळतंय ना?’

मिळत होती. मी पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली.

दोन उन्हाळे भेंडी वाळली. वहिनीने तुकडा मधल्याला कसायला दिला आणि विठ्ठलवाडीला पापड लाटायला जाऊ लागली. आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, वेळ वाटून घ्यायला कोणी उरलं नाही तेव्हा, मधल्याने मला बोलावून घेतलं. कारखान्यातून साखळीची कप्पी मीच नेली. एका सकाळीत पंप टप्प्यावर बसला. दुपारी वहिनीच्या तुकड्यात पाईपाला मनगटाएवढी धार होती.

वहिनी प्यायचं पाणी न्यायला आली. धार बघितली, काठावरून आत वाकून पंप बघितला. मग कळशी खाली ठेवली.

‘एवढंच काम होतं?’

मधला नट आवळत राहिला.

‘मग माझा तुकडा द्या मला परत.’

‘आता लावलंय त्यात,’ मधला म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. तिसरा हिस्सा माझा होता, विहीर माझीही होती. ‘आजपासून दे,’ एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. ‘पुढच्या वर्षी बघू, वहिनी,’ मी म्हणालो.

पुढच्या वर्षी मी विषय काढला नाही. ती पापड लाटत राहिली. त्या तुकड्यातली भेंडी दर रविवारी माझ्या घरी येत होती, आणि आम्ही ती खात होतो.