दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय उठायचं नाही

कॅसेटची फीत मशीनमध्ये अडकली की काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत. बोटभर बाहेर ओढावी तर हातभर येते, हातभर ओढावी तर सगळी मांडीवर! आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से तसेच आहेत. एक सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो. आता मांडीवर इतके झालेत की गुंडाळून ठेवलेले बरे.

पनवेलला जुन्या एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. होतं म्हणजे, गाळा अजून आहे, शटर आहे, काचेची कपाटं आहेत. गिऱ्हाईक तेवढं नाही. मोबाइलवर गाणी फुकट मिळायला लागली तेव्हा लोक म्हणाले, "काकी, आता मोबाइलची कव्हरं विका." मी म्हटलं, कव्हरं विकायला मी कशाला पाहिजे? दुकान बंद केलं. आणि दर रविवारी सकाळी दहाला अर्धं शटर वर करून आम्ही चौघं तिथे बसायला लागलो.

नियम माझे. ज्याची पाळी त्याने जन्मभर पुरलेला अल्बम आणायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, दोन्ही बाजू ऐकायच्या. नावडतं गाणं पळवायचं नाही. बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि ज्याने उघडलं त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. कॅसेट उलटायची ती मीच. चहा तेव्हाच.

माझ्या कानांचं आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उजवा कान पार गेलाय, डावा त्याच्या मागोमाग निघालाय. समोर बसून बोललेलं कळतं. गाणं मात्र शेजारच्या भिंतीपलीकडे वाजावं तसं येतं. उरलेलं मी आठवणीने भरते. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलंय, ते मी कॅसेटच्या एका रिकाम्या डबीत ठेवून दिलंय. सुनेला माहीत आहे. मंडळींना सांगितलेलं नाही. ज्या बाईने सगळं आयुष्य चार सेकंद ऐकून कॅसेट ओरिजिनल की कॉपी ते सांगितलं, तिला उद्या हे लोक म्हणणार, "काकी, तुम्ही बसा, कॅसेट आम्ही बदलतो." त्या दिवशी माझा रविवार संपला!

*

मी शाळेत गेलेली नाही. माझं माहेर ओवे. तेव्हा तिथे खारघरचे टॉवर नव्हते, भातशेती होती, आणि थोरल्या मुलीने धाकट्यांना सांभाळायचं असायचं. लग्न होऊन पनवेलला आले, नवऱ्याबरोबर दुकानात बसायला लागले, आणि तिथे वाचायला शिकले. गाणं मला तोंडपाठ, आणि त्याच गाण्याची पहिली ओळ डबीतल्या कागदावर छापलेली. मग कुठलं अक्षर कुठला आवाज, हे सांगायला मास्तर कशाला लागतो? सहा महिन्यांत पेपर वाचायला लागले.

एकदा इस्त्रीचे कपडे घातलेले एक साहेब आले. कॅसेट हातात घेऊन म्हणाले, "बाई, वाचता येत नसेल तर मालकांना बोलवा. यात कुठली गाणी आहेत ते मला बघायचंय."

मी कॅसेट त्यांच्या हातातून घेतली. एक बाजू वाचली, दुसरी बाजू वाचली, गीत कोणाचं, संगीत कोणाचं, तबल्यावर कोण, सगळं वाचलं. मग चष्मा पुसून तळाची मुंगीएवढी ओळही वाचली, "या कॅसेटची नक्कल करणे गुन्हा आहे." आणि विचारलं, "मागच्या आठवड्यात 'घरी एक आहे' म्हणून परत आणून दिलीत, तिची नक्कल नीट उतरली ना? की मालकांना बोलवू?"

साहेबांनी कॅसेट घेतली. ती मात्र कधीच परत आली नाही!

*

आमच्यातले रझाकभाई न्हावा शेवाला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. तीस वर्षं एकच कव्वालीची कॅसेट. पनवेल सोडताना पहिली बाजू लावायची, आणि बंदराच्या गेटाशी शेवटची कव्वाली संपायची. घड्याळ लागायचं नाही.

मग रस्ता रुंद झाला, पूल झाला. सगळे ड्रायव्हर खूश, पेढे वाटायचे तेवढे राहिले. रझाकभाई दुकानात आले ते तोंड पाडून.

"काय झालं, भाई?"

"आपा, पूल झाला आणि माझी शेवटची कव्वाली गेली! गेट आधीच येतं."

मग काय करायचे? गेटासमोर ट्रेलर उभा करून कव्वाली संपेपर्यंत बसायचे. एक दिवस मागे ट्रेलरांची ही रांग, हॉर्नवर हॉर्न. गेटावरचा शिपाई काठी आपटत आला. "ओ, गाडी बंद पडली काय?"

"नाही, कव्वाली चालू आहे."

शिपाई पायरीवर चढला, खिडकीतून डोकं आत घातलं, जरा वेळ ऐकलं. मग मागच्या गाड्यांकडे वळून ओरडला, "अरे, हॉर्न बंद करा रे, इथे काही ऐकू येत नाही!"

*

हिराबाई उरणची. कोळीण. पनवेलच्या बाजारात मासळी विकते आणि कोणाच्या बापाला भीत नाही. तरुणपणी त्यांच्या गावच्या मंडळाने हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढली, त्यात ही कोरसमध्ये होती. कॅसेट विकायला माझ्याकडे आली, तशी हिराबाईसुद्धा आली. टोपली बाहेर ठेवून आत येऊन म्हणाली, "काकी, यात माजं नाव कुटं हाय ता दाकव."

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. गायकाचं नाव, वाजवणाऱ्यांची नावं. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'आणि साथी'.

"म्हणजे मी?"

"म्हणजे तू."

तिने त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. आज तिचे नातू कमावते झालेत, पण ती डबी अजून तिच्या बटव्यात असते.

तर, तिच्या पाळीला ही कॅसेट लागली. पहिलं कडवं संपलं, कोरस आला, आणि हिराबाईने खणखणीत आवाजात सूर लावला. माझ्या कानांनासुद्धा पोचला, म्हणजे बघा!

आमच्यातले चौथे, सबनीस सर, नियमाचे पक्के. खारघरच्या कॉलेजात शिकवून रिटायर झालेत, अजून सगळ्यांना विद्यार्थी समजतात. भिंतीवर लावलेल्या माझ्या नियमांच्या कागदाकडे त्यांनी तीनदा बोट केलं. हिराबाई गातेच आहे. शेवटी सर न राहवून बोलले, "हिराबाई, नियम म्हणजे नियम!"

"सर, मी कॅसेटीत हाय," हिराबाई म्हणाली. "कॅसेटीनं गप बसायचं असं नाय लिवलेलं!"

कप सरांनी विसळले.

*

सरांचाच दुसरा किस्सा. सर दोन वर्षं फक्त शास्त्रीय आणायचे. सकाळचे राग, विलंबित, द्रुत. आणायच्या आधी फोनवर आम्हाला अभ्यासही देणार. हिराबाई म्हणायची, "सरांचं गाणं चालू होईस्तवर माजी अर्धी मासली विकून होते."

एका रविवारी डबी शास्त्रीय गाण्याची, आणि कॅसेट सुरू केली तर आत नाचाची गाणी! ढोल काय, शिट्ट्या काय. घरी कोणीतरी कॅसेटी अदलाबदल केलेल्या. सर ताडकन उठले, मशीनकडे हात केला. मी फक्त भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. लागली ती लागली. सर परत बसले, कान लाल.

मी गाण्यापेक्षा माणसं जास्त बघते आताशा, त्यामुळे मला पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्या गाण्याला सरांची चप्पल हलली. तिसऱ्याला मान. चौथ्यात गाणं मध्येच थांबून पुन्हा सुरू होतं, त्या थांबलेल्या जागेवर सरांनी हवेत बरोब्बर एक टाळी दिली! शंभर वेळा ऐकल्याशिवाय ती टाळी येत नाही. 

बाजू संपली. रझाकभाईंनी मिशीत हसू दाबलं. मी चहा ठेवायला उठले, तर सर म्हणाले, "काकी, चहा राहू दे. दुसरी बाजू जास्त चांगली आहे."

तेव्हापासून सर रागाचा अभ्यास देत नाहीत.

*

आमची सूनबाई गुणी आहे, पण गप्प बसणारी नाही. परवा मी स्वयंपाकघरात असताना कुकरने किती शिट्ट्या दिल्या देव जाणे, डाळीचा लगदा झाला. ती समोर येऊन उभी राहिली. "आई, ते कानाचं मशीन डबीत ठेवायला आणलंय का? निदान रविवारी तरी लावा."

"रविवारी तर मुळीच नाही!"

"मग बाजू संपली ते कळतं कसं तुम्हाला?"

कसं म्हणजे? मशीनच्या काचेतून दिसतं ना, एका चाकावरची फीत कमी होते, दुसऱ्यावरची वाढते. शिवाय मी तळहात मशीनवरच ठेवते. मोटर थरथरत असते हाताखाली. फीत संपली की बटण खट्कन वर येतं, ते हाताला कळतं. दीड वर्ष झालं, एकदाही चुकले नाही.

सून म्हणाली, "त्यांना सांगितलं तर काय होईल? ते काय परके आहेत?"

मी डाळीला फोडणी दिली.

*

आता माझ्या पाळीचा.

माझा अल्बम एकच. भावगीतं, बाईचा आवाज, चार गाणी इकडे, चार तिकडे. दुकान उघडलं त्या दिवशी आलेल्या पहिल्या खोक्यातली कॅसेट आहे ती. विकलीच नाही. गिऱ्हाईक मागायचं, मी म्हणायची संपली, आणि ती माझ्या डोक्यामागे कपाटात सगळ्यांना दिसत असायची! नवरा गेला तेव्हा तेराव्यानंतर हीच लावली. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हीच. अक्षरं शिकले तीही हिच्यावरच.

पाळी आपली, म्हणून मी आदल्या दिवशी दुकान झाडून घेतलं. कपाटं पुसली, मशीन हलवलं, दोन्ही स्पीकर उचलून त्यांच्यामागची जळमटं काढली. रविवारी नवीन साडी नेसले. तिघं वेळेवर आली. मी कॅसेट घातली, बटण दाबलं, तळहात मशीनवर ठेवला आणि डोळे मिटले.

काय सांगू! त्या दिवशी गाणं भिंतीपलीकडून आलंच नाही. खोलीत आलं. किती वर्षांनी! दुसऱ्या गाण्यात बाई कडव्याआधी श्वास घेते, तो श्वाससुद्धा ऐकला. तिसऱ्यातली बासरी, ती जराशी उशिरा येते, तशीच उशिरा आली. मी गुडघ्यावर ठेका धरला. चौथं गाणं संपलं, शेवटचा सूर विरला, मी डोळे उघडले, आणि त्याच क्षणाला हाताखालचं बटण खट्कन वर आलं.

रझाकभाई जमिनीकडे बघत होते. सबनीस सर चष्मा काढून पुसत होते. हिराबाईने पदर तोंडाला लावला होता.

"काय, आवडली की नाही?" मी विचारलं.

"वाह, आपा," रझाकभाई म्हणाले. एवढंच.

मी चहा केला. सरांनी एकही चूक काढली नाही, तेव्हाच मला नवल वाटलं होतं. कप खाली ठेवून तेच म्हणाले, "काकी, उलटा ना कॅसेट. नियम आहे आपला. दोन्ही बाजू."

मी उलटली. दुसरी बाजूही तशीच, लख्ख. तिघांपैकी कोणी हललं नाही, कोणी खोकलं नाही.

जाताना रझाकभाईंनी सगळे कप उचलून मोरीत नेले. मी म्हटलं, "अहो, आज कोणी बोललंच नाही, तुम्ही कशाला?"

"आज माझी बारी समजा, आपा."

सगळे गेल्यावर शटर ओढायच्या आधी मी मशीनवर कापड घालायला गेले. मागे दोन्ही स्पीकरच्या तारा सुट्या लोंबत होत्या. शनिवारी जळमटं काढताना मीच काढल्या होत्या. लावायच्या राहून गेल्या होत्या.

मी तिथेच स्टुलावर बसले.

मंगळवारी बाजारात गेले. मासे घ्यायचे नव्हते, तरी हिराबाईच्या पाटीसमोर उभी राहिले. तिने कोयता बाजूला ठेवला, मान वर केली, आणि मला ओठ नीट दिसतील असं तोंड माझ्याकडे केलं.

"या रविवारी कोणाची पाळी गं?" मी विचारलं.

"तुजीच परत लाव, काकी," हिराबाई म्हणाली. "आमचं मन नाय भरलं."