यंत्राला ना भाऊ, ना बहीण

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच — आणि आता आई राहिलेली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुमचा-माझा काही संबंध नाही, म्हणून असेल. परक्यापुढे माणूस पटकन मोकळा होतो. हे मला फार आधी कळलं होतं, आणि मी त्याचा उपयोगही करून घेतला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, आणि त्या वर्षी आम्हाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिलावहिला कोर्स होता. आज हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा मंचरला आमच्या आळीत तो उच्चारला की लोक एवढंच विचारायचे, त्यात नोकरी लागती का? सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं — यंत्राला काही कळत नाही. कळतं असं आपल्याला वाटतं, आणि जपायचं ते तिथे. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती.

कोर्सचं प्रोजेक्ट म्हणून मी आणि माझा मित्र संतोष, आम्ही दोघांनी गप्पा मारणारा एक प्रोग्राम लिहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न टाइप करायचा, की तो त्यातला एखादा शब्द पकडून प्रश्न आपल्यावरच उलटवायचा. ‘कांद्याला भाव मिळेल का?’ विचारलं तर म्हणायचा, ‘कांद्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ बस्स, एवढीच त्याची अक्कल. आम्हाला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

जूनमध्ये मंचरच्या माझ्या जुन्या शाळेत कॉम्प्युटरची खोली सुरू झाली. हेडसरांनी आम्हाला काहीतरी दाखवायला बोलावलं. आणि ऐन वेळी प्रोग्राम अडकला. लोक तर दारात. मग मी डोकं चालवलं — मध्ये पडदा टांगला, दोन कॉम्प्युटर वायरने जोडले, पुढच्यावर संतोष बसला, मागच्यावर मी. लोक विचारायचे, संतोष टाइप करायचा, मी पडद्याआडून उत्तर द्यायचो. कुणी माझ्याबद्दल विचारलंच तर चहाला गेलाय म्हणून सांग, असं मी त्याला बजावून ठेवलं होतं. इथपर्यंत सगळी गंमतच होती. इथेच थांबलो असतो तर आज हसत हसत सांगितलं असतं.

पण थांबा, आधी नंदाचं सांगायला हवं. नंदा माझी मामेबहीण. मामांचं गाव मढ, माळशेजच्या वाटेवरचं. ती जुन्नरला एसटीने जाऊन-येऊन शिकली आणि बारावी सायन्सला फर्स्ट क्लासात पास झाली. आता तिने मंचरला आमच्या घरी राहून बीएस्सी करावं असं आईच्या मनात होतं. तिकडे ओतूरकडचं एक चांगलं स्थळही आलं होतं. मामांचं काही ठरत नव्हतं. आईने मात्र मनाशी सगळं ठरवलं होतं — मागची खोली नंदाला द्यायची.

मागची खोली माझी होती. माझं टेबल, माझी पुस्तकं, सुटे भाग जोडून उभा केलेला माझा कॉम्प्युटर. मी वर्षातून किती दिवस तिथे राहायचो? सुट्टीतले महिना-दीड महिना. आई म्हणाली होती, तू आलास की पुढच्या खोलीत झोपत जा, पोरीला अभ्यासाला जागा लागेल. वर उठता-बसता नंदाच्या हुशारीचं कौतुक. मला ते खुपत होतं. कारण विचाराल तर एवढंच आहे. याहून मोठं एखादं कारण मी वर्षानुवर्षं शोधलं, सापडलं नाही.

तर त्या दुपारी पडद्यापलीकडून मामांचा आवाज आला. भाच्याचं मशीन बघायला आले होते. भाचा चहाला गेलाय, संतोष म्हणाला. मामा खुर्चीवर बसले असावेत, खुर्ची करकरली. मग त्यांनी विचारलं, पोरीला पुढं शिकवावं का लगीन करून द्यावं?

माझ्यासमोर ती अक्षरं उमटली. मी आधी प्रोग्रामसारखंच उत्तर दिलं — ‘तुम्हाला काय वाटतं?’ संतोषने वाचून दाखवलं.

मामा म्हणाले, “मला काय वाटतं त्ये मला ठावं हाय. त्याला काय वाटतं त्ये इचार.”

प्रश्न पुन्हा आला. मी उठून पडदा बाजूला करू शकत होतो. मामा दोन शिव्या घालून हसले असते. निदान तेच उलटं उत्तर पुन्हा देऊ शकत होतो. मी काय केलं? सावकाश, एकेक बोट टेकवत टाइप केलं — ‘शिक्षण पुरे. लग्न करून द्या.’

संतोषने तेही वाचून दाखवलं. नंतर त्याने विचारलं, मामा कुठल्या पोरीचं विचारत होते रे? मी म्हणालो, असेल कुणीतरी.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. हे मी घाईत केलं, पोरकटपणाने केलं असं म्हणून एक वेळ स्वतःला फसवता येईल. खरी गोष्ट संध्याकाळची आहे.

मामा घरी आले आणि आईला म्हणाले, ठरलं, मशीनने लग्न करून द्या म्हणून सांगितलं, स्थळाला होकार कळवतो. आई भडकली. कुठल्या डबड्याचं ऐकून पोरीचं नशीब ठरवतोस? मामा शांत होते. “आक्का, तुमी समदी घरची मान्सं. कुनाला पोरगी जवळ पायजे, कुनाला लांब. त्या यंत्राला ना भाऊ, ना भन. त्ये कशाला खोटं सांगल?” बनवलं भाच्यानेच ना, आई म्हणाली. “गाय आपल्या गोठ्यातली म्हनून काय आपल्या इचारानं दूध देती व्हय?” मामांनी विचारलं.

मग आई माझ्याकडे वळली. तू शिकलायस, तूच सांग — खरं सांगतं का रे ते?

दोघं माझ्याकडे बघत होते. बहीण-भाऊ, दोघांचे डोळे सारखेच. एक ‘नाही’ पुरे होतं. त्या ‘नाही’ने फार तर माझी लबाडी उघडी पडली असती आणि खोली गेली असती, एवढंच. मी म्हणालो, “सहसा बरोबर असतं.”

आईने हट्ट सोडला. माझ्यावर विश्वास होता तिचा.

त्या हिवाळ्यात नंदाचं लग्न झालं. मी पंगतीत जिलबी वाढली. त्याआधी प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं होतं, लोक अशा प्रोग्रामशी कसे वागतात? मी म्हणालो, फार लवकर विश्वास ठेवतात. सर खूश झाले. चांगले मार्क पडले.

नंदाचं वाईट झालं असं नाही. माणसं चांगली मिळाली, टोमॅटोची शेती आहे, घर आहे. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तिच्या आयुष्याचं बरं-वाईट ठरवायचा अधिकार मला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

दहा वर्षांनी ओतूरला तिच्याकडे गेलो होतो. तिची मुलगी चौथीत; वही घेऊन माझ्यापुढे बसली. नंदा टोमॅटोचे क्रेट भरता भरता तिची गणितं तोंडी तपासत होती, एकही चुकू देत नव्हती. मधेच म्हणाली, दादा, तुझं ते मशीन अजून हाय का रे? हिला पुढं जुन्नरला शिकायला ठेवायचंय. सासरे माझं ऐकत न्हाईत. मशीननं सांगितलं तर ऐकत्याल.

मी म्हणालो, ते कधीच मोडलं.

“चांगलं व्हतं म्हनं,” ती म्हणाली. “कुनाची बाजू घेत नव्हतं.”

मी हो म्हणालो.