यांनी अंग धरलं!

नवऱ्याला आजारी पाडून वर त्याची कौतुकं सांगत फिरणारी बायको अख्ख्या नागपुरात मी एकटीच असेन.

आमचे हे कळमन्याच्या बाजारात धान्याच्या काट्यावर बसतात. मुळात काटकुळे. (लग्नाच्या फोटोत यांच्यापेक्षा हार जाड दिसतो.) कितीही खाऊ घाला, अंगी लागत नसे. आणि मागच्या उन्हाळ्यात अचानक गाल भरले! सकाळी उठले की चेहरा कसा गोल, टुमटुमीत. मी हरखलेच. रोज ताटात पापड, दह्यातल्या तळलेल्या मिरच्या, वर लोणच्याचा खार. यांची रोजची बीपीची गोळी संपली तेव्हा मीच म्हटलं, "आता कशाले आणता? तब्येत तर सुधरून राहिली!" डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी गेलं, हे आमचं दोघांचं शास्त्र!

मग पायांवर मोज्यांचे वळ उमटायला लागले. मी सैल मोजे आणले. बोटातली अंगठी निघेना. साबण लावून काढली आणि शेजारणींना दाखवत सुटले, "पहा, अंगठीबी बसत नाही आता!" शेवटी यांचा फोटो सावनेरला मोठ्या नणंदेला पाठवला. खाली लिहिलं, "तुमचा भाऊ कसा भरला!"

दुसऱ्याच दिवशी नणंद, मायाताई, बसने दारात हजर. तिकडच्या दवाखान्यात त्या पूर्वी नर्स होत्या. चहासुद्धा न घेता (!) भावापुढे बसल्या, पँट वर करायला लावली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला, तर तिथे खड्डा. तो तसाच राहिला.

"सुनंदा, हे मांस नाही वं. पाणी आहे."

"तुमच्या भावाले काही झालं नाही!" मी फणकारले. "असा खड्डा कोणालेबी पडते!" आणि स्वतःची नडगी दाबून दाखवली. पडला नाही. मुलीची दाबली. नाही. शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं. नाहीच!

मायाताईंनी भावाला हळूच विचारलं, "लघवीले फेस येते का गा?"

हे खाली बघत म्हणाले, "येते. दोन-तीन महिने झाले."

"मग बोलले काहून नाही?" मी ओरडले.

"तू एवढी खूश होती वं... मले वाटलं, कशाले उगाच."

मी यांच्या चपला पुढ्यात ठेवल्या आणि ऑटो बोलावला.

धंतोलीच्या डॉक्टरांनी बीपी दोनदा मोजलं, रक्त-लघवी तपासली. म्हणाले, "बीपीमुळे किडनीला मार बसतोय, लघवीतून प्रथिनं जाताहेत. फेस दिसला तेव्हाच यायला हवं होतं. बिघडलंय ते सगळं भरून येईलच असं नाही, पण उरलेलं सांभाळू. गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

आता सूज उतरली आहे. गोळी रोज मीच हातावर ठेवते, आणि ठेवताना यांच्या डोळ्यांत बघणं टाळते.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र हे साऱ्यांना हसून सांगतात. डॉक्टरांनी आम्हाला आहार सांगणाऱ्या मॅडमकडे पाठवलं होतं. पापड-लोणच्याची यादी ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढं मीठ! घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी चटकन म्हणाले, "सासूबाई."

त्यांना जाऊन चार वर्षं झाली!