एकशे चाळिसावी

मारिसेला लोंगोरिया माझ्या लक्षात आली ती एका प्रश्नामुळे. नववीचा पहिला आठवडा होता आणि मी फळ्यावर कविता लिहीत होते. मागून बारीक आवाज आला, "मिस, हे मार्कांत धरणार का?"

"नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. उद्धटपणे नव्हे, दमलेल्या माणसानं डोक्यावरचं ओझं उतरवावं तसं.

आमचं गाव टेक्सासच्या दक्षिण टोकाला, कांद्याच्या शेतांत. शाळेतल्या पहिल्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, असा राज्याचा नियम. लोंगोरियांच्या घरातून पुढं जायला तेवढंच एक दार होतं. पण क्रमांक लावायचा कशावर? 'ए' तर थोडाफार अभ्यास करणाऱ्या सगळ्यांनाच मिळे. पेपर पुन्हा लिहा, वही उशिरा द्या, 'ए' घ्या. ती खिरापत आम्ही शिक्षकांनीच वाटली, मीसुद्धा. मग फरक उरे तो वजनाचा. अवघड वर्गातल्या 'ए'ला पाच गुण, साध्या वर्गातल्या 'ए'ला चार. मारिसेलानं नववीत हौसेनं वेल्डिंग घेतलं, शंभरपैकी शंभर मिळवले आणि त्या चारानं तिची सरासरी खाली ओढली.

"पोरगी वर्गात पहिली आली म्हणून तिचा नंबर घसरला?" तिचे वडील मला म्हणाले. "हे कुठलं गणित, मिस?"



अकरावीच्या एप्रिलच्या सुरुवातीला ती चौदावी होती. वर्गात मुलं एकशे चाळीस. अंतिम क्रमांक मेच्या दुसऱ्या शुक्रवारी लागणार होता. वरच्या तेरा जणांना गाठणं आता शक्य नव्हतं, म्हणून तिची नजर खाली गेली. शाळा अपूर्णांक सोडून देई. एकशे चाळिसांतलं एक जरी नाव कमी झालं, तर दहा टक्के म्हणजे तेराच.

सगळ्यांत शेवटची होती यादिरा. तिची मावशी कांद्याच्या शेडमध्ये कामाला होती, हंगाम सुरू झाला होता आणि यादिरा शाळा सोडायच्या बेतात होती.

मारिसेला तिच्याशेजारी बसू लागली. तिचा गृहपाठ करून घेऊ लागली. सकाळी वडिलांचा ट्रक घेऊन तिच्या दारात उभी राहू लागली. एक दिवस माझ्याकडे आली. बोटांची नखं कुरतडून लाल झालेली.

"मिस, यादिराचा निबंध. नापास झाली तर ती उद्याच जाईल."

निबंध एकसष्टचा होता. सत्तरला पास. मी सत्तर दिले.

पुढं यादिराला कुणीतरी हा हिशेब सांगितलाच. मधल्या सुट्टीत ती माझ्या वर्गात आली आणि मारिसेलासमोर उभी राहिली.

"म्हणजे मी तुझी शेपटी?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मला वाटलं, मैत्रीण मिळाली. तू तर डोकी मोजत होतीस!"

मारिसेलानं मान खाली घातली. "आधी तेवढ्यासाठीच आले होते. आता काय आहे, मला नाही सांगता येत."



"किती दिवस राहिले?" यादिरानं विचारलं.

"नऊ."

"बसते नऊ दिवस. पण माझी मी बसनं येईन, सकाळी हॉर्न वाजवू नकोस. आजी मला शिव्या देते, तुला नाही."

ते नऊ दिवस मारिसेला रोज माझ्या दाराच्या काचेतून यादिराची खुर्ची बघून जाई. बुधवारी खुर्ची रिकामी होती. दहा वाजेपर्यंत मारिसेला तीनदा काचेशी येऊन गेली. सव्वादहाला यादिरा आली.

"बस चुकली. मेले नाही मी."

शुक्रवारी क्रमांक लागला. एकशे चाळिसांत मारिसेला चौदावी.

सोमवारी यादिरा आली नाही. मी हजेरीत गैरहजर लिहिलं. ती पुन्हा आलीच नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बारावीच्या हिवाळ्यात मारिसेला विद्यापीठाचं पत्र दाखवायला आली. मी तिला जवळ घेतलं. तिनं पत्र नीट घडी घालून पाकिटात ठेवलं.

"मिस, यादिराचे ते सत्तर खरे होते?"

"नाही."

"मग माझेही सगळे खरे नसतील."

मी तिला तुझे खरेच होते असं सांगितलं. बहुतेक होतेही.

मारिसेला आता टेक्सासातल्याच लबक शहरात राहते आणि तिथल्या पाणी खात्यात इंजिनिअर आहे.