डबा रिकामा नेऊ नये

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला आमच्या संग्रहालयातलं जुन्या भांड्यांचं प्रदर्शन आठवतं. नाशिककरांनी घरातलं एखादं भांडं महिनाभर आम्हाला द्यायचं, असा बेत होता. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं विकणारी एक बाई आईने दिलेला पितळी डबा घेऊन आली, इतका लख्ख घासलेला की झाकणात खिडकी दिसत होती. जाताना हसत म्हणाली, “ताई, परत देताना रिकामा नका देऊ. चिमूटभर साखर तरी घाला.” नंतर काचेमागचा तो डबा आणि त्याखालचं आपलं नाव दाखवायला ती नवऱ्यालाही घेऊन आली होती. प्रदर्शन संपलं तेव्हा मी आठवणीने डबा साखरेने भरून ठेवला. न्यायला तिचा नवरा एकटाच आला आणि दारातच थांबला. मी डबा पुढे केला. त्याने झाकण उघडून पाहिलं. “सुतक हाय घरात, ताई. ती गेली गुरुवारी. गोड कसं नेऊ?” मी कागद पुढे धरला. त्यानेच साखर कागदावर ओतली, डबा उपरण्याने पुसला आणि तसाच उभा राहिला. “पण रिकामा नेला तर रागावंल ती,” म्हणाला. “तिच्या नावाची चिठ्ठी लावली व्हती ना, ती द्या.” मी काढून दिली. ती डब्यात ठेवून त्याने हळूच झाकण लावलं. ती साखर अजून ऑफिसच्या कपाटात बरणीत आहे. चहाची साखर संपली की आम्ही खालच्या दुकानातून आणतो.